ऐंशी लाख एकवीस हजार नऊशे सत्त्याऐंशी

यज्ञेश्वर खांबेटे सर कोणावर खूश झाले की त्याला एक आकडा देत. पेढे नाहीत, पेन नाही, पाठीवर थाप तर नाहीच नाही. शनिवार पेठेतल्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि तेवढ्या काळात ते दोनशे बारा जणांवर खूश झाले. वर्षाला सरासरी सहा. सरांच्या मते हेही जरा जास्तच होतं.

आकडा म्हणजे ज्याची त्याची जन्मतारीख. दिवस, महिना, वर्ष सलग लिहायचं, मध्ये टिंब नाही की रेघ नाही, की झाली एक सात-आठ अंकी संख्या तयार. मग सर त्या संख्येला सोलून काढत. तिचे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज काय, अंकांच्या बेरजेनं तिला भाग जातो का, दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात ती किती तऱ्हांनी मांडता येते. सगळं हातानं. कॅल्क्युलेटर त्यांच्या घरात होता, तो त्यांच्या बायकोच्या, मंदाकिनीबाईंच्या भिशीसाठी. सरांनी साडेपाच हजारांपर्यंतच्या सातशेच्या वर मूळ संख्या एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या संख्यांनी एकेक करून भाग देत जायचं. कधी दोन संध्याकाळींत उरके, कधी पंधरा दिवस लागत. मग पांढऱ्या फुलस्केपवर निळ्याकाळ्या शाईत सगळं उतरवायचं, खाली सही करायची आणि सहीखाली एक ओळ लिहायची: ‘यावरून भविष्य पाहू नये.’

ही ओळ त्यांनी लिहिली नसती तर भविष्याचं बहुधा कोणाला सुचलंही नसतं.

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानंही पुरता भाग जात नाही ती. नक्षत्राशी तिचं काही नातं नाही, हे सर पहिल्याच तासाला सांगून टाकत. भागाकाराच्या बाबतीत त्यांचा जाच भयंकर होता. पोरगं फळ्यावर गणित सोडवून जागेवर निघालं की मागून प्रश्न येई, “बाकी भाजकाहून लहान झाली का?” चौथीतला नियम. बाकी भाजकाहून मोठी उरली असेल तर भागाकार संपलेलाच नाही, अजून भाग जातोय. हा प्रश्न त्यांनी दहावीच्या पोरांनाही विचारला, आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात हिशेब सांगायला उठलेल्या सेक्रेटरींनाही.

या सरांच्या कागदांचा शहराबाहेरच्या वाघोली गावात जो काही अर्थ झाला, तो मात्र सरांच्या स्वप्नातही आला नव्हता. वाघोलीचा रविराज त्यांचा जुना विद्यार्थी. त्याच्या आकड्याला चाळीस विभाजक निघाले. पुढे रविराजला लागोपाठ दोन मुलगे झाले, पाण्याचे टँकर झाले, फाट्यावर गाळे झाले. कोणीतरी म्हणालं, चाळीस विभाजक आहेत त्याला, होणारच. मग गावात ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी आपापले विभाजक मोजले. जास्त विभाजक म्हणजे भरलेलं घर, कमी विभाजक म्हणजे रिकामं. एक आणि स्वतः हे दोन सोडून मधले जितके, तितकी पुढची माणसं. हे सरांच्या कानावर आलं तेव्हा ते हसले. “चला, निदान मोजायला तरी शिकले,” म्हणाले.

रविराजचे चुलते जयसिंग. त्यांची एकुलती एक मुलगी राजनंदिनी शहरात मामाकडे राहून सरांच्या शाळेत शिकली. सडपातळ, शांत, भागाकार मांडताना जिभेचं टोक दातांत धरणारी पोरगी. दहावीला तिला गणितात दीडशेपैकी दीडशे मिळाले. सरांनी अकरा संध्याकाळी खर्च केल्या. जन्मतारीख आठ फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी. पुढचं शून्य सोडून संख्या झाली ८०२१९८७. तिच्यासाठी २८३२पर्यंतच्या चारशे दहा मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागतो, आणि सरांनी चारशे दहाही भागाकार केले. एकही पुरता गेला नाही.

सरांनी कागदावर लिहिलं: ‘मूळ संख्या. विभाजक दोन: १ आणि स्वतः.’ दोन-तीन वर्षांत एखादाच असा कागद निघे, म्हणून त्यांना आनंद झाला होता. बक्षीस समारंभात त्यांनी तो वाचूनही दाखवला. शेवटी म्हणाले, “या मुलीला कोणी तोडू शकत नाही.” त्यांच्या तोंडून एवढं कौतुक कोणी कधी ऐकलं नव्हतं. जयसिंग समोर बसले होते, त्यांनी डोळे पुसले. कागदाला काच बसवून त्यांनी तो वाघोलीच्या घरात बैठकीच्या खोलीत लावला, पाहुण्याला आल्या आल्या दिसेल असा.

चार वर्षांनी तो पाहुण्यांना दिसला.

राजनंदिनी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. स्थळ चांगलं होतं, मुलगा इंजिनिअर, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, साखरपुडाही झाला होता. तारीख ठरवायला मुलाचे चुलते आले, चहा पिता पिता त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, आणि चहा तसाच ठेवला. विभाजकांची गोष्ट त्यांच्या गावापर्यंत केव्हाच पोचली होती.

दुसऱ्या दिवशी जयसिंग कर्वेनगरला सरांच्या दारात उभे. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मंदाकिनीबाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

“सर, पोरीचं लगीन मोडायला आलंय.”

“मग मी काय करू? मी भटजी आहे का?”

जयसिंगनी सगळं सांगितलं. “ते म्हणत्यात, दोनच विभाजक. मधी कुणीच नाय. म्हंजी हिच्या पोटी लेकरू नाय. सर, तुम्ही एक डाव चला. गाडी खाली उभी हाय. पावण्यांना एवढंच सांगा, का ह्या कागदाचा आन लेकराबाळांचा काय संबंध नाय. तुमचा शब्द ते मानतील.”

“कागदावर लिहिलंय ना तसं? वाचता येत नाही का त्यांना?”

“वाचलंय. ते म्हणत्यात, बिडीच्या बंडलावर पण लिवलेलं असतंय. म्हणून काय कोण बिडी वडायचं ऱ्हातंय का?”

“मग त्यांची अक्कल त्या धुरातच गेली म्हणायची. अहो जयसिंगराव, मूर्खांच्या बैठकीत जाऊन मी गणिताची जामीनकी करायची? उद्या मला विचारतील, मुलगा होईल की मुलगी. मी येणार नाही.”

जयसिंग हळूच म्हणाले, “मग दुसरा कागद तरी लिवून द्या. एखादा आकडा इकडचा तिकडं करा. मधी चार-दोन विभाजक घाला. मी सांगतो, जुन्या कागदात चूक झाली व्हती. कुणाला कळतंय?”

सर उभे राहिले. रागानं त्यांचा आवाज बारीक होई, तसा झाला. “ही संख्या मूळ आहे. चारशे दहा भागाकार करून मी सांगतोय. प्रत्यक्ष देव आला तरी ती बदलणार नाही. आणि मी खोटं लिहिणार नाही. तुमच्या मुलीसाठी नाही, आणि मला मुलगी असती तर तिच्यासाठीही नसतं लिहिलं.”

जयसिंगनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, सरांच्या पाया पडले आणि गेले. पाया पडले, ही गोष्ट सरांना त्या वेळी बरी वाटली होती.

मंदाकिनीबाई पेला उचलायला आल्या. “जाऊन आला असतात तर गणित विटाळलं असतं का?”

“तुला कळायचं नाही.”

“नाहीच कळत,” म्हणून त्या आत गेल्या.

पुढे कधीतरी रविराजकडून कळलं की ते लग्न मोडलं, जयसिंगनी घाईघाईनं शिरूरच्या पलीकडचं स्थळ बघून मुलीला उजवलं, आणि तिचं कॉलेज सुटलं. सरांना वाईट वाटलं. बी.एस्सी. अर्धवट राहिल्याचं जास्त वाटलं. नंतर रविराजचंही येणं बंद झालं. आपण एका मूर्खपणापुढे वाकलो नाही, एवढं समाधान सरांनी जपून ठेवलं. कधी कुठे भाषणाला बोलावलं तर ते ही हकीकत नावं गाळून सांगत आणि टाळ्या घेत. या टाळ्या पुढे त्यांना फार जड झाल्या.

यंदा सरांना ऐंशीवं लागलं. अभय नावाच्या विद्यार्थ्याचा छापखाना होता. त्याच्या डोक्यात आलं की दोनशे बारा कागदांचं एक पुस्तक काढावं. सरांच्या कच्च्या वह्या आणि कागदांच्या प्रती सगळ्या जपलेल्या होत्याच. अभय म्हणाला, “सर, आकडे आम्ही कॉम्प्युटरवर तपासून घेतो. पाच मिनिटांचं काम.”

“आधी मला वैकुंठात पोचवा, मग तपासा,” सर म्हणाले. “माझे भागाकार मी तपासीन.”

ज्या संख्यांचे अवयव निघाले होते त्यांचा प्रश्न नव्हता. अवयवांचा गुणाकार करून बघितला की झालं. खरी तपासणी हवी होती ती मूळ ठरवलेल्या संख्यांची, कारण तिथे पुरावा म्हणजे सगळे फसलेले भागाकार. असे कागद तेरा होते. डिसेंबरात सकाळी गॅलरीत ऊन आलं की सर खुर्ची टाकून वह्या घेऊन बसत. पाच झाले, सहा झाले, एकही चूक नाही. सरांना आपलीच पाठ थोपटावीशी वाटू लागली होती.

सातवी वही राजनंदिनीची होती. पानंच्या पानं लांबलचक भागाकार, प्रत्येकाच्या शेवटी बाकी, बाकीपुढे बरोबरची खूण. तीनशे दोन भागाकार तपासून झाले. तीनशे तिसरा भाजक होता १९९९. तिथे भागाकार मांडलेलाच नव्हता. नुसती एक ओळ होती: ‘१९९९. बाकी ५९९७.’ पुढे खूण.

सरांना ते सगळं आठवलं, जणू काल केलं होतं. सगळ्या भाजकांत हाच एक सोपा. दोन हजारला एक कमी. त्याला कशाला भागाकार मांडायचा? तोंडी करायचं. संख्येत दोन हजार चार हजार दहा वेळा जातात, बाकी १९८७. पण आपण दर वेळी एक जास्त वजा केलाय, म्हणून ४०१० परत मिळवायचे. झाले ५९९७. बाकी उरली, म्हणजे भाग जात नाही. पुढे चला. चारशे नऊ भागाकार त्यांनी पहिलीतल्या पोराच्या शिस्तीनं मांडले होते, आणि हा एक ऐटीत केला होता.

५९९७. भाजक १९९९. बाकी भाजकाहून मोठी. अजून तीन वेळा भाग जातो, आणि पुरता जातो. शून्य.

सरांनी पेन्सिलीनं बाजूला मांडून पाहिलं. १९९९ गुणिले ४०१३. ऐंशी लाख एकवीस हजार नऊशे सत्त्याऐंशी. पुन्हा मांडलं, उलट बाजूनं मांडलं. तीच संख्या. मंदाकिनीबाईंनी पोहे आणून ठेवले होते ते गार होऊन गेले.

मूळ नव्हती ती संख्या. विभाजक दोन नव्हते, चार होते. मधले दोन. वाघोलीच्या त्या अडाणी हिशेबानं पाहिलं तर मध्ये दोन माणसं होती, आणि मुलाच्या चुलत्यांनी चहा संपवून लग्नाची तारीख ठरवली असती. जयसिंग म्हणाले होते, ‘मी सांगतो, जुन्या कागदात चूक झाली व्हती.’ ते खोटं बोलायला निघाले होते आणि ते खरं होतं. आपण खरं सांभाळत होतो आणि ते खोटं होतं.

दोन दिवस सर तोच भागाकार पुन्हा पुन्हा मांडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवा फुलस्केप घेतला. चार कागद वाया गेले. ‘८०२१९८७. मूळ अवयव: १९९९ आणि ४०१३. विभाजक चार. दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात दोन तऱ्हांनी. पैकी एक, ३००६चा वर्ग वजा १००७चा वर्ग.’ मग विभाजकांची बेरीज केली. एक, १९९९, ४०१३ आणि ती संख्या. आली ८०२८०००. शेवटी तीन शून्यं. इतकी गोल बेरीज दोनशे बारा कागदांत फार थोड्यांची आली होती. सरांना क्षणभर आनंद झाला. नुसता निखळ आनंद, सुंदर गणित सुटल्याचा. मग आपल्याला आनंद झालाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि स्वतःची इतकी किळस आली की ते पेन टाकून उठले.

“कुठे निघालात?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“वाघोलीला. जयसिंगच्या मुलीचा पत्ता घ्यायला. तिला भेटून चूक दुरुस्त करायची आहे.”

“कोणती?”

सरांनी चपला घातल्या. उत्तर त्यांना सापडलं, पण ते जिन्यात.

मुलगी आता अडतिसाची असेल. मुलंबाळं असतील. कदाचित ती हसेल. म्हणेल, सर, बाकी भाजकाहून लहान झाली नव्हती का? आपण म्हणायचं, नव्हती, बाळ. माझं चुकलं, कागदातही आणि त्या दिवशीही. दोन बस बदलून वाघोलीच्या केसनंद फाट्याला उतरेपर्यंत सरांनी हे वाक्य शंभरदा घोकलं. नुसतं ‘माझं चुकलं’ एवढं म्हणायला ऐंशी वर्षांच्या माणसाला तालीम लागत होती, कारण ते त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.

वाघोली त्यांना ओळखू येईना. शेतं होती तिथे बारा-बारा मजले चढले होते. विचारत विचारत ते एका जुन्या बैठ्या घराशी आले. दोन इमारतींच्या मध्ये ते घर तेवढं राहिलं होतं. दारात एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसली होती. जयसिंगची बायको, मैना. तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

“खांबेटे सर? या, या. किती थकला वो.” तिनं लगबगीनं सतरंजी टाकली. “आमचे गेले तीन वर्सामागं. तुमचं लय नाव काढायचे.”

सर आत वाकून शिरले. भिंतीवर जयसिंगचा फोटो होता, त्याला हार होता. शेजारी राजनंदिनीचा फोटो होता. त्यालाही हार होता.

सरांनी भिंतीला हात टेकला. “ही कधी?”

“पंधरा-सोळा साल झाली. तुम्हाला ठाऊक नाय?” मैनाताईंनी पदरानं फोटोची काच पुसली. आवाज सपाट होता. हे त्यांनी फार वेळा सांगितलेलं असावं. “पयलं मोडलं, मग हे घाईनं बघितलं शिरूरकडलं. दुजवर व्हता, चौदा वर्सांनी मोठा. दोन साल पोटी काय नव्हतं. त्यांना पण कुणी तरी ह्या कागदाचं जाऊन सांगितलं. मग रोजचंच झालं. पुढं दिवस ऱ्हायले. नऊ महिने भरले. सकाळी कळा आल्या, तर सासू म्हणाली, हिच्या आकड्यातच नाय तर व्हायचं कुठून, पडू द्या. गाडी काढायला दुपार केली. वाटंतच गेली. दोघं पण.”

सर सतरंजीवर बसले. पिशवीतला कागद त्यांच्या मांडीवर होता आणि त्यावर १९९९ आणि ४०१३ असं लिहिलेलं होतं. एक ओळ. तोंडी केलेला एक भागाकार. पण तेवढंच नव्हतं, हे त्यांना आता स्वच्छ दिसलं. संख्या खरोखर मूळ असती तरी ही पोरगी वाचली असती, जर ते त्या दिवशी खाली उभ्या असलेल्या गाडीत बसले असते. गणित चुकलं ते चुकलंच. पण पोरीला मारलं ते त्यांच्या ताठ्यानं.

“ताई,” ते म्हणाले. “मी एक सांगायला आलो होतो. तो कागद. त्याच्यात...”

“कागदाला काय बोल लावता?” मैनाताईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. “लोक म्हणाले, जाळून टाका. आमच्यांनी नाय जाळला. ते म्हणायचे, कागदावर खरं हाय, वाचणारे वाकडे. तिकडं लय हाल केले वो पोरीचे. माफी माग म्हणायचे, पाया पड म्हणायचे, आयबापाला शिव्या दे म्हणायचे. पोरगी कुणाम्होरं मोडली नाय. आमचे म्हणायचे, मोडंल कशी? सरांनी चार म्हयने हिशोब करून लिवलंय, हिला कुणी तोडू शकत नाय. आन सर देवासाठी पण खोटं लिवायचे नायत. मी गेलो व्हतो, माझ्याम्होरं म्हणाले.”

अकरा संध्याकाळींचे चार महिने झाले होते. सरांनी ते दुरुस्त केलं नाही.

मैनाताईंनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढून फोटोखालचा कागद चौकटीसकट काढला आणि सरांच्या हातात दिला. शाई तपकिरी झाली होती. काचेवर बोटांचे डाग होते.

“आठ फेब्रुवारीला ते दर साली वाचून दाखवायचे. मला वाचता येत नाय. ते गेल्यापासून कुणी वाचलं नाय. रविराजची पोरं इंग्रजी शाळंतली, त्यांना तुमचं अक्षर लागत नाय. तुम्हीच आलाय तर वाचा एक डाव.”

त्या समोर बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, हात मांडीवर जोडून ठेवले. पोथी ऐकायला बसावं तशा.

सरांचा एक हात पिशवीवर होता. नवा कागद बाहेर काढायचा, आणि सांगायचं की हे सगळं चुकीचं आहे. जे तुम्ही आणि तुमचा नवरा पंधरा वर्षं धरून बसलात ते मी ऐटीत केलेल्या एका तोंडी हिशेबातून आलंय. हेच खरं होतं. याच खऱ्यासाठी त्यांनी जयसिंगना दारातून परत पाठवलं होतं. म्हाताऱ्या बाईचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते.

त्यांनी पिशवीवरचा हात काढला आणि चौकट दोन्ही हातांनी धरली.

“ऐंशी लाख एकवीस हजार नऊशे सत्त्याऐंशी,” त्यांनी वाचायला सुरुवात केली. “अंकांची बेरीज पस्तीस. मूळ संख्या.” इथे ते थांबले. मैनाताई वाट बघत होत्या. “विभाजक दोन. एक आणि स्वतः. बाकी कशानंही भाग जात नाही.”

“बरोबर हाय ना सर हे? समदं तपासलेलं?”

“बरोबर आहे, ताई. मी परवाच पुन्हा तपासलं.”

मैनाताईंनी मान हलवली आणि त्या चहा ठेवायला उठल्या. सर चौकट मांडीवर घेऊन बसून राहिले. खोटं बोलायला किती सोपं गेलं, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. असंच एक खोटं वाक्य जयसिंगनी कर्वेनगरला येऊन मागितलं होतं, आणि तेव्हा ती मुलगी जिवंत होती.